जुन्या गाडीत एसीचा गॅस भरताना

खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर आहे, खंडाळा साडेपाचशे मीटरच्या आसपास. मधली सगळी चढण जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने थोड्याच किलोमीटरांत संपते. १८३० साली हा घाटरस्ता गाड्यांसाठी खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वेही घाट चढू लागली. शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास बोनेट उघडून, रेडिएटरमधून वाफ सोडत उभी असलेली फियाट किंवा अँबेसेडर हे या घाटातले एके काळी नेहमीचे दृश्य होते. आज त्या गाड्या हौसेने जपलेल्या असतात. सुटीच्या दिवशी त्या मुंबईहून वर येतात, आणि त्यांतल्या अनेकींच्या डॅशबोर्डखाली एसीचा डबा लटकलेला दिसतो. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तो नव्हता. पुढे कुठल्या तरी मालकाने बसवून घेतलेला असतो.

हा एसी खोपोलीपर्यंत गार हवा देतो, घाटात कोमट, आणि खंडाळ्यात पोहोचेपर्यंत नुसता वारा. मालक म्हणतो, गॅस संपला. गॅरेजवाला म्हणतो, भरून देतो. अर्ध्या तासात काम उरकते, हवा गार होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच तक्रार येते.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. तो एका बंद चक्रात फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. शिवाय जिथून गॅस बाहेर जातो तिथून यंत्रणा रिकामी झाल्यावर दमट हवा आत येते. म्हणून जुन्या गाडीत गॅस भरणे हे कामातले शेवटचे पाऊल आहे. त्याआधी गळती बंद करणे, ओल काढणे आणि तेल तपासणे ही तीन कामे येतात. लोणावळा-खंडाळ्याच्या हवेत तर या तिन्हींना जास्तच महत्त्व आहे.

गाडीत नेमके काय बसवले आहे?

नव्या गाडीत बोनेटखाली एक चिठ्ठी असते. तिच्यावर कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणते तेल हे छापलेले असते. बाहेरून बसवलेल्या एसीत ही सोय नसते. कंप्रेसर एका कंपनीचा, कंडेन्सर दुसऱ्याच गाडीचा, पाइप बाजारात दाबून घेतलेले, अशी ती जुळवणी असते. त्यामुळे पहिले काम म्हणजे कागद-पेन घेऊन बोनेटखाली डोकावणे.

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी हे चांगले उदाहरण. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात. मुंबईत निळ्या रंगाच्या वातानुकूलित ‘कूल कॅब’ टॅक्सी धावू लागल्या तेव्हा त्यांतही पद्मिनी होत्या. अशा गाडीत इंजिनाच्या बाजूला ब्रॅकेट लावून कंप्रेसर बसवतात, क्रँकच्या पुलीवरून त्याला बेल्ट देतात, रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर लावतात आणि डॅशबोर्डखाली कूलिंग कॉइल, एक्सपान्शन व्हॉल्व्ह व ब्लोअर असलेला डबा टांगतात. कंडेन्सर आणि डबा यांच्या मधल्या पाइपवर ड्रायर असतो.

कंप्रेसर ओळखणे सोपे असते. दोन सिलिंडरांचा, उभा आणि जड कंप्रेसर दिसला तर तो जुन्या यॉर्क धाटणीचा. आडवा, गोल आणि आटोपशीर असेल तर बहुधा सँडेनचा पाच पिस्टनांचा. त्यातले ५०८ हे मॉडेल जगभर अशा जोडकामात वापरले गेले आहे. दर फेऱ्याला ते १३८ घनसेंटिमीटर गॅस ओढते.

यानंतर गॅस भरायची तोंडे पाहावीत. आटे असलेली, पितळी स्क्रू-टोपीची जुनी तोंडे असतील तर यंत्रणा मुळात आर-१२ या जुन्या गॅससाठी बनलेली आहे. वरून चटकन दाबून बसणाऱ्या कपलरची तोंडे असतील, कमी दाबाच्या बाजूचे १३ मिलिमीटरचे आणि जास्त दाबाच्या बाजूचे १६ मिलिमीटरचे, तर ती आर-१३४ए या नंतरच्या गॅससाठी आहेत. अर्थात नुसते तोंड पाहून खात्री धरू नये. जुन्या तोंडावर नवा अडॅप्टर चढवून आत तेल मात्र जुनेच ठेवलेले असू शकते.

गॅसचा संशय घेण्याआधी

हवा गार न येण्याची अर्धी कारणे गॅसशी संबंधित नसतात. इंजिन चालू करून एसीचे बटण दाबल्यावर कंप्रेसरच्या तोंडाशी ‘टक्’ असा आवाज येऊन क्लच ओढला जायला हवा. आवाज येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर आणि प्रेशर स्विच तपासावेत. मात्र गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विचच क्लचला रोखतो, हेही ध्यानात असावे. क्लच लागतो पण बेल्ट किंचाळतो, तर बेल्ट सैल आहे. कंडेन्सरच्या पत्र्यांत चिखल, किडे आणि पालापाचोळा अडकला असेल तर तो आधी साध्या पाण्याने, हलक्या धारेने धुवावा. दाराचे रबर, पायाखालच्या पत्र्यातली भोके आणि इंजिनाकडून येणाऱ्या केबलींभोवतीच्या फटी बुजवल्याशिवाय कोणताही एसी जुन्या गाडीत पुरा पडत नाही.

विजेचा हिशेबही इथेच करावा. जुन्या अँबेसेडरमध्ये असलेल्या लुकास सी-४० धाटणीच्या डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपियर. पावसाळ्यात संध्याकाळी घाट चढताना हेडलाइट नऊ-दहा अँपियर घेतात, वायपर तीन-चार, एसीचा ब्लोअर आठ-दहा, कंप्रेसरचा क्लच चारच्या आसपास. कंडेन्सरपुढे विजेचा पंखा असेल तर आणखी आठ-दहा. बेरीज डायनॅमोच्या आवाक्याबाहेर जाते आणि खंडाळ्यात पोहोचेपर्यंत बॅटरी उतरते. व्होल्टेज पडले की क्लच घसरतो, ब्लोअर मंदावतो आणि दोष मात्र गॅसला दिला जातो. म्हणून एसी असलेल्या जुन्या गाडीला चांगला आल्टरनेटर हवाच.

आर-१२ की आर-१३४ए?

आर-१२, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला फ्रिऑन, गेल्या शतकात गाड्यांच्या एसीत सर्रास वापरला जाई. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी अशा क्लोरीनयुक्त वायूंमुळे ओझोनच्या थराला धोका असल्याचे दाखवून दिले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, २००० साली देशात ओझोनला घातक पदार्थांबाबतचे नियम आले आणि २०१० पर्यंत, दम्याच्या फवाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडता, असे वायू भारतातून हद्दपार झाले. त्यामुळे आज कुणी ‘ओरिजनल आर-१२ आहे’ म्हणून सिलिंडर पुढे केला तर त्यात खरोखर काय आहे याची खात्री देता येत नाही.

ही शंका अनाठायी नाही. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त केलेल्या जहाजी शीतकंटेनरांचे स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ निघाली होती. हा वायू कंप्रेसरमधल्या अ‍ॅल्युमिनियमशी संयोग पावतो आणि हवेशी गाठ पडताच पेट घेणारे संयुग तयार होते. भारतात एसआरएफची ‘फ्लोरॉन’ आणि नवीन फ्लोरिनची ‘मॅफ्रॉन’ ही या गॅसधंद्यातली जुनी नावे आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून, सीलबंद आणि पावतीसह घेतलेला गॅसच वापरावा. स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजीसारखा ज्वलनशील वायू भरणे तर जिवाशी खेळ आहे. डॅशबोर्डखालच्या डब्यातली कॉइल थेट माणसांच्या गुडघ्यांसमोर असते; तिला गळती लागली तर बंद गाडीत एक ठिणगी पुरेशी होते.

यंत्रणा आर-१२ ची असेल तर ती आर-१३४ए वर नेणे हाच आज व्यवहार्य मार्ग आहे. मात्र त्यात नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-१२ सोबत खनिज तेल वापरत. ते आर-१३४ए मध्ये विरघळत नाही, त्यामुळे गॅसबरोबर फिरून परत कंप्रेसरकडे येत नाही. कॉइलच्या तळाशी साचते आणि कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुने तेल काढून, पाइप आणि कॉइल फ्लश करून एस्टर किंवा पीएजी तेल घालावे लागते. जुन्या तेलाचा थोडा अंश मागे राहणारच असेल तर एस्टर अधिक सोयीचे. पीएजी तेल हवेतली ओल झपाट्याने शोषते. कोणते तेल आणि किती, हे कंप्रेसरवरच्या पट्टीवरून किंवा निर्मात्याच्या माहितीपत्रकावरून ठरवावे. सँडेनच्या या जातीच्या कंप्रेसरला तेलाचा बोल्ट असतो आणि तिथून डिपस्टिकने पातळी मोजता येते. अर्थात बोल्ट उघडण्याआधी यंत्रणेतला दाब पूर्ण काढलेला हवा.

याबरोबर ड्रायर नवा, सांध्यांतल्या ओ-रिंगा एचएनबीआर रबराच्या, आणि शक्य असेल तर पाइप आतून नायलॉनचे अस्तर असलेले घ्यावेत. आर-१३४ए चे रेणू लहान असल्याने जुन्या साध्या रबरातून ते झिरपतात. हा गॅस जास्त दाबाच्या बाजूला थोडा अधिक दाब निर्माण करतो, म्हणून कंडेन्सर चांगला मोठा असावा आणि दाब हाताबाहेर गेल्यास क्लच तोडणारा प्रेशर स्विच असावा. आर-१२ जितका लागत असे त्याच्या साधारण ७५ ते ८५ टक्के वजनाचा आर-१३४ए पुरतो. आर-१२ इतकेच वजन भरायचा अट्टहास केला तर दाब वाढून कंप्रेसरवर ताण येतो.

गळतीचा माग

गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर पडते, त्यामुळे गळतीच्या जागी धूळ चिकटून तेलकट काळा डाग पडतो. कंप्रेसरच्या क्लचमागे, म्हणजे शाफ्ट सीलपाशी, पाइपांच्या दाबलेल्या सांध्यांवर आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांवर टॉर्च मारून आधी हे डाग शोधावेत. डॅशबोर्डखालच्या डब्यातून पाणी जाण्याच्या नळीत तेल दिसले तर कॉइलच गळते आहे.

नक्की जागा सापडण्यासाठी यंत्रणा रिकामी करून तीत कोरडा नायट्रोजन भरावा. सिलिंडरला रेग्युलेटर लावणे अत्यावश्यक आहे, आणि दाब दीडशे पीएसआयच्या पुढे नेऊ नये. जुन्या कॉइलला त्याहून जास्त सोसत नाही. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, आणि यंत्रणा काही तास तशीच ठेवून काटा हलतो का ते बघावे. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. टायरमध्ये हवा भरण्याचा कंप्रेसरही इथे नको, कारण त्याच्या हवेत पाण्याची वाफ असते.

यंत्रणा रिकामी करणे म्हणजे नट ढिला करून गॅस हवेत सोडणे नव्हे. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. साडेचारशे ग्रॅमचा एक लहान डबा हवेत सोडला तर त्याचा परिणाम साधारण साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. आर-१२ बाबत हा आकडा दहा हजार पटींच्या वर जातो. रिकव्हरी मशिन असलेल्या गॅरेजकडेच हे काम द्यावे. ते मशिन आहे का, हा गॅरेज निवडतानाचा पहिला प्रश्न असावा.

खंडाळ्यात व्हॅक्यूमचा काटा कुठे थांबतो?

गळती बंद झाली की व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढतात. पंपाने हवेचा दाब इतका उतरतो की आतले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होते आणि पंपावाटे बाहेर पडते. २५ अंश सेल्सियसला हे घडण्यासाठी आतला निरपेक्ष दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या खाली, म्हणजे एक इंचाहूनही कमी असावा लागतो.

खंडाळ्याच्या उंचीचा संबंध इथे येतो. समुद्रकिनाऱ्यावर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांइतका असतो. म्हणून मुंबईच्या गॅरेजात चांगला पंप लावला की गेजचा काटा २९ च्या पुढे जातो. साडेपाचशे-सहाशे मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबच २८ इंचांच्या आसपास असतो. गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून दाब दाखवते, त्यामुळे खंडाळ्यात किंवा लोणावळ्यात पंप कितीही चांगला असला तरी काटा २८ च्या फारसा पुढे जाऊ शकत नाही. ‘एकोणतीस येत नाही’ म्हणून पंपाला नावे ठेवण्याचे किंवा नसलेली गळती शोधण्याचे कारण नाही. उलट ‘सव्वीस झाले, पुरे’ म्हणून कुणी पंप बंद केला तर आतले पाणी उकळलेलेच नसते. इथे काटा २७ च्या चांगला पुढे, २८ ला भिडलेला हवा. इतका बारीक फरक काट्यावर वाचणे अवघड जाते. म्हणून निरपेक्ष दाब मोजणारे मायक्रॉन गेज मिळाले तर उत्तम. त्यावर ५०० मायक्रॉन किंवा कमी हा आकडा मुंबईतही तोच आणि खंडाळ्यातही तोच.

दुसरा प्रश्न ओलीचा. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्याने भरलेली असते. अशा दिवसांत पाइप उघडे ठेवून ‘पार्ट उद्या येईल’ असे म्हणणे महागात पडते. उघडलेले प्रत्येक तोंड त्याच क्षणी टोपीने किंवा प्लास्टिक आणि टेपने बंद करावे. तेलाचा डबा अर्धवट उघडा राहिला असेल तर ते तेल वापरू नये. नव्या ड्रायरच्या टोप्या सगळ्यात शेवटी, पंप लावण्याच्या जरा आधी काढाव्यात. त्यातले शोषक दाणे उघड्यावर राहिले तर खंडाळ्याच्या हवेतले पाणी पिऊन बसतात आणि मग यंत्रणेतली ओल शोषायला त्यांच्यात जागा उरत नाही.

पावसाळी थंड दिवसात पाणी उकळायला आणखी खोल व्हॅक्यूम लागतो, म्हणून पंप पाऊण तास ते तासभर चालवावा. मधे एकदा थांबून कोरडा नायट्रोजन थोडा सोडावा आणि पुन्हा व्हॅक्यूम करावे. नायट्रोजन उरलेली वाफ सोबत घेऊन बाहेर पडतो. पंपाचे तेल दुधाळ दिसू लागले की बदलावे. शेवटी गेजचे व्हॉल्व्ह बंद करून, पंप थांबवून अर्धा तास वाट पाहावी. काटा थोडा मागे येऊन स्थिरावला तर आत अजून ओल आहे. मागे येतच राहिला तर गळती आहे. दोन्ही बाबतींत गॅस भरायची घाई करू नये.

वजन करून भरणे

गॅरेजात अनेकदा इंजिन बंद असताना गेज लावून ‘पंचाहत्तर पीएसआय आहे, गॅस ठीक आहे’ असे सांगतात. हा आकडा फसवा असतो. बंद यंत्रणेत जोवर थोडासाही द्रव गॅस शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. २२ अंशांना आर-१३४ए चा दाब ७५ पीएसआयच्या आसपास येतो; मग आत दोनशे ग्रॅम असो की सातशे. ३६ अंशांना तोच गॅस ११८ च्या आसपास दाखवतो. म्हणजे थांबलेल्या गाडीचा दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही.

खंडाळ्यात त्याचा एक खास धोका आहे. जुलैच्या धुक्यात, वीस-बावीस अंशांना गाडी भरायला घेतली की दोन्ही काटे खाली दिसतात. ते ‘वर आणण्यासाठी’ गॅस वाढवला जातो. हीच गाडी पुढे मे महिन्यात पनवेलच्या सिग्नलला अडतीस अंशांत उभी राहिली की जास्त दाबाच्या बाजूचा काटा धोक्याच्या रेषेपलीकडे जातो, पाइप फुटतो किंवा कंप्रेसर ठोकू लागतो. म्हणून गॅसचा सिलिंडर डिजिटल वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम मोजतच भरावा. जमले तर भरण्यासाठी कोरडा, उबदार दिवस निवडावा.

कामाचा क्रम असा. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत. हा द्रव उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो आणि त्वचेवर पडला तर हिमदाह होतो. आसपास विडी, शेगडी, वेल्डिंग काही नको, कारण हे गॅस ज्वाळेशी आले की विषारी वायू बनतात. जागा हवेशीर असावी. गेजच्या मधल्या पिवळ्या नळीतली हवा क्षणभर गॅस सोडून घालवावी. इंजिन बंद असताना सिलिंडर सरळ उभा ठेवून कमी दाबाच्या, निळ्या बाजूने गॅस सोडावा. आतल्या व्हॅक्यूममुळे तो आपसूक ओढला जातो. ओढ थांबली की जास्त दाबाची लाल बाजू पक्की बंद असल्याची खात्री करूनच इंजिन चालू करावे. इंजिन चालू असताना लाल व्हॉल्व्ह उघडला तर कंप्रेसरचा दाब उलटा सिलिंडरमध्ये शिरून तो फुटू शकतो.

आता दारे उघडी, एसी पूर्ण, ब्लोअर जोरात, इंजिन पंधराशे फेऱ्यांच्या आसपास, आणि कंडेन्सरसमोर एक मोठा पंखा. निळी बाजू थोडी थोडी उघडून गॅस वायुरूपातच जाऊ द्यावा. सिलिंडर उलटा केला तर द्रव थेट कंप्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नसल्याने आतले व्हॉल्व्ह मोडतात. थंडीत सिलिंडरमधून गॅस येईनासा झाला तर तो कोमट, हाताला सोसेल अशा पाण्यात ठेवावा. आच दाखवणे सक्त टाळावे.

किती भरायचे? यंत्रणेवर आकडा नसेल तर चारशे ग्रॅमपर्यंत भरून थांबावे, पाच मिनिटे चालू द्यावे, मग पन्नास-पन्नास ग्रॅमने वाढवावे आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहाव्यात: दोन्ही बाजूंचा दाब, झरोक्यातल्या हवेचे तापमान, आणि कूलिंग कॉइलमधून परत निघणाऱ्या पाइपचा गारवा. झरोक्यातले तापमान आणखी उतरायचे थांबले आणि परतीचा पाइपही चांगला गार लागू लागला की गॅस पुरेसा झाला. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे पाहून भरायची रीत आर-१२ ची आहे. आर-१३४ए मध्ये काच पूर्ण स्वच्छ होईपर्यंत भरत राहिले तर बहुधा जास्तच भरला जातो.

काटे काय सांगतात?

चालू यंत्रणेत कमी दाबाची बाजू साधारण २५ ते ४० पीएसआय असावी. जास्त दाबाची बाजू बाहेरच्या तापमानावर ठरते. २४ अंशांच्या दिवशी १६५ ते १९०, तर ३६ अंशांना २१५ ते २४० हा ढोबळ अंदाज धरावा. पावसाळी हवेतली वाफ थंड करण्यातच एसीची बरीच ताकद जाते, त्यामुळे दमट दिवशी दाब किंचित वर आणि झरोक्यातली हवा दोन-चार अंश कमी गार असणे स्वाभाविक आहे.

दोन्ही काटे खाली असतील आणि क्लच सारखा लागत-सुटत असेल तर गॅस कमी आहे. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झाला, आत हवा राहिली, किंवा कंडेन्सरला पुरेसा वारा मिळत नाही. पंखा लावून किंवा कंडेन्सरवर पाणी शिंपडून जास्त दाब झटकन उतरला तर दोष वाऱ्याचा. दोन्ही काटे जवळजवळ सारखे असतील तर कंप्रेसर ओढतच नाही. आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे छान गार राहून एकाएकी गरम वारा देत असेल, कमी दाबाचा काटा शून्याच्याही खाली जात असेल आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा गार होत असेल, तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडात बर्फ धरतो आहे. आतली ओल अशी उघडकीस येते. यावर गॅस वाढवणे हा उपाय नाही. ड्रायर बदलून पुन्हा नीट व्हॅक्यूम करावे लागते.

घाट चढताना आणि एरवीही

चाळीस अश्वशक्तीच्या पद्मिनीतून कंप्रेसर दोन ते चार अश्वशक्ती ओढतो. खंडाळ्याच्या उंचीवर विरळ हवेमुळे कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद सहा-सात टक्के आणखी घटते. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढताना वाराही कमी असतो. नव्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की संगणकच एसी क्षणभर तोडतो. जुन्या गाडीत ही सोय मालकाने स्वतः करावी: खोपोली सोडताना एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि तापमानाच्या काट्यावर नजर. पेडलजवळ एक छोटा मायक्रोस्विच बसवून क्लचची वायर त्यातून नेली तर हेच काम आपोआप होते. वर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे. नाहीतर साचलेल्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीतच वाफ धरते आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते.

महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाडीत कंप्रेसरचे शाफ्ट सील कोरडे पडते आणि गळू लागते. म्हणून थंडी असो वा पाऊस, आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. खंडाळ्याच्या धुक्यात त्याचा रोख उपयोगही आहे, कारण कोरडी हवा समोरच्या काचेवरचे दव काही मिनिटांत पुसून टाकते.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक बाब तपासावी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. त्यामुळे एसीसाठी पत्रा कापण्याऐवजी, कारखान्याने आधीच ठेवलेल्या भोकांना धरून, पुन्हा काढता येतील अशी ब्रॅकेटे बनवून घ्यावीत.

काम झाले की बोनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर गॅसचे नाव, भरलेले ग्रॅम, तेलाची जात आणि मात्रा, ड्रायर बदलल्याची तारीख, भरण्याच्या दिवसाचे तापमान, दोन्ही बाजूंचे दाब, आणि हे काम कोणत्या गावी झाले तेही लिहावे. पुढच्या वेळी गाडी लोणावळ्यात उघडली जावो की कुर्ल्यात, मेकॅनिकला त्या आकड्यांवरून पाच मिनिटांत कळेल की गॅस खरोखर कमी झाला आहे का, आणि किती.